अंतराळबंदरावरचा गोदी कामगार : विज्ञानकथेच्या लेखकांचे आणि वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथेत अंतराळबंदर आले की नजर बहुधा यानाच्या कप्तानाकडे जाते, नाही तर खिडकीबाहेरच्या ताऱ्यांकडे. त्याच बंदरावर पाळीमागून पाळी माल चढवणारा आणि उतरवणारा माणूस एखाद्या वाक्यापुरता येतो, आणि त्या वाक्यातही तो बहुतेक वेळा चुकीचा रंगवलेला असतो. अशा पात्राविषयी लेखक आणि वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरांना आधार घेतला आहे तो आज प्रत्यक्ष चालणाऱ्या कामाचा. 'प्रोग्रेस' हे मालवाहू यान जानेवारी १९७८ मध्ये 'साल्युत-६' या स्थानकाला पहिल्यांदा जोडले गेले, म्हणजे कक्षेतल्या माल-वाहतुकीचा अनुभव माणसाच्या गाठीशी आता काही दशकांचा आहे.

मराठीत या माणसाला नेमके काय म्हणावे?

'माथाडी' हा शब्द बाजूला ठेवावा लागतो आणि तो ठेवताना मला वाईट वाटते. माथ्यावरून ओझे वाहतो तो माथाडी. जिथे ओझ्याला वजनच नाही तिथे माथ्याचे काम उरत नाही, पाय अडकवण्याची जागा आणि मनगटाचा अंदाज यांचे काम सुरू होते. 'हमाल' हा शब्द चालतो, परंतु बोलणाऱ्याच्या तोंडी त्याला पुष्कळदा तुच्छतेची छटा येते, म्हणून तो संवादात ठेवावा आणि निवेदनात टाळावा. निवेदनासाठी 'गोदी कामगार' हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. यान थांबते त्या जागेला आपण बंदर म्हणतो, तर तिथल्या कामगाराला गोदीच्या नावाने ओळखणे ओघाने आलेच. मुकादम, टोळी, पाळी, धक्का, यारी, आकडा, बारदान, बिल्टी हे शब्दही जसेच्या तसे वापरता येतात. नव्या यंत्रासाठी नवा शब्द घडवण्याआधी दिवसातून पन्नास वेळा त्या यंत्राचे नाव घेणारा माणूस त्याला काय म्हणेल, याचा विचार करावा. तो लांबलचक नाव घेणार नाही.

कक्षेत सगळेच हलके असते, मग तिथे माल उचलायला माणूस कशाला हवा?

कक्षेतील वस्तू 'वजनरहित' असते असे म्हणणे बरोबर आहे. ती 'हलकी' असते असे म्हणणे चूक आहे. या विषयावरच्या बहुतेक कथा नेमक्या याच फरकावर घसरतात, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या तुलनेत सुमारे नऊ-दशांश इतके शिल्लक असते. तरीही तेथील वस्तू तरंगतात, कारण स्थानक, माणसे आणि माल हे सगळे एकाच वेगाने एकत्र पडत असतात आणि कोणीच कोणावर दाबून बसत नाही. नाहीसे होते ते वजन. वस्तुमान मात्र ग्रॅमभरही कमी होत नाही, आणि वस्तू हलवायला किंवा थांबवायला जो जोर लागतो तो वस्तुमानावर ठरतो.

एक हजार किलोची पेटी घ्या. पाय घट्ट अडकवलेल्या कामगाराने तिला २०० न्यूटन जोराने, म्हणजे जमिनीवर वीस किलोची गोणी धरून ठेवायला लागतो जवळपास तेवढ्या जोराने, दोन सेकंद रेटले, तर ती सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने निघते. हा वेग रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी आहे आणि पाहणाऱ्याला त्यात काहीच धोका दिसत नाही. आता तीच पेटी भिंतीशी पोहोचली आणि मध्ये कामगाराचा हात आला. तिला एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबायचे असेल तर हातावर येणारा सरासरी जोर ८,००० न्यूटन, म्हणजे जमिनीवर आठशे किलोच्या ओझ्याइतका होतो. पेटीला वजन नव्हते, आवाज नव्हता, घाई नव्हती, आणि तरीही हाताची हाडे चुरली जातात. म्हणून मुरलेला गोदी कामगार पेटीला जोराने ढकलत नाही. तिला थांबवायला पुढे किती जागा आणि किती वेळ हाताशी आहे, याचा हिशेब आधी करतो आणि तेवढाच वेग देतो.

दुसरी गोष्ट त्याच्या पायांची. पाय न अडकवता ऐंशी किलोच्या माणसाने ही पेटी रेटली, तर पेटी जेवढ्या वेगाने पुढे जाईल त्याच्या साडेबारा पट वेगाने तो स्वतः मागे फेकला जाईल. म्हणून गोदीच्या प्रत्येक भिंतीवर पावलाच्या वरच्या बाजूने अडकवता येतील असे दांडे असतात. स्थानकावर राहिलेल्या अंतराळवीरांच्या तळपायांची जाड कातडी गळून जाते आणि पावलांच्या वरच्या भागावर घट्टे पडतात, हे प्रत्यक्षात पाहिलेले आहे. कथेतल्या जुन्या कामगाराची ओळख करून द्यायची असेल तर एवढा एक तपशील पुरेसा ठरतो.

या सगळ्याचा सर्वांत चांगला वस्तुपाठ मे १९९२ मधला आहे. 'एन्डेव्हर' या शटलच्या पहिल्याच मोहिमेत, चुकीच्या कक्षेत अडकलेला सुमारे चार टनांचा इंटेलसॅट उपग्रह पकडायचा होता. खास तयार केलेला दांडा त्याला लावण्याचा प्रयत्न एका अंतराळवीराने दोन वेळा केला. दोन्ही वेळा दांडा बसला नाही आणि त्या हलक्या स्पर्शानेच उपग्रह डोलू लागला. शेवटी १३ मे रोजी तीन अंतराळवीर एकाच वेळी बाहेर पडले, तिघांनी तीन बाजूंनी जागा घेतली आणि एकाच क्षणी उपग्रहाची कड हाताने धरली. ते काम आठ तासांहून अधिक चालले. मला ही घटना गोदीच्या टोळीचीच वाटते: अवजार हरले आणि एका इशाऱ्यावर एकत्र पडलेले सहा हात कामाला आले.

तराजू चालत नाही, तर माल मोजतात कसा?

काटा किंवा तराजू वजनावर चालतो, म्हणून तो तेथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी वस्तू स्प्रिंगला बांधून हलवली जाते आणि एका झोक्याला किती वेळ लागतो ते मोजले जाते. वस्तुमान चौपट झाले की झोक्याचा वेळ दुप्पट होतो. १९७३ मध्ये 'स्कायलॅब' स्थानकावर अंतराळवीरांचे वस्तुमान याच तत्त्वावर मोजले जात होते. अर्धवट भरलेली टाकी किंवा आत सैल पडलेला माल मात्र या काट्याला फसवतो, कारण आतली वस्तू बाहेरच्या पेटीशी ताल धरत नाही. अनुभवी कामगार हीच परीक्षा हाताने करतो. तो पेटीला दोन्ही बाजूंनी धरून किंचित मागेपुढे हलवतो आणि कागदावरचा आकडा खरा की खोटा हे त्याला मनगटात कळते.

म्हणजे तस्करीच्या कथांना जागाच उरत नाही का?

जागा उरते, पण नेहमीची नाही. एका टनाचा चोरटा माल कोपऱ्यात दडवला आणि कोणाला कळले नाही, हे मानता येत नाही. वीस टनांच्या म्हणून नोंदवलेल्या यानात एक टन जास्त असेल, तर इंजिन ठरल्याइतके चालवूनही वेगातला बदल सुमारे पाच टक्के कमी भरेल. सेकंदाला एक हजार मीटर वेग वाढायला हवा असताना पन्नासएक मीटर कमी पडले, तर यान मुक्कामाला पोहोचत नाही. चोरट्याला जेवढे आणायचे तेवढे काहीतरी काढून टाकावे लागते, आणि दोन्हींचा वस्तुमानमध्यही, म्हणजे ज्या बिंदूभोवती सगळे वस्तुमान समतोल असते तो बिंदूही, जुळवावा लागतो. हे काम गोदीवरच्या माणसाच्या मदतीशिवाय होत नाही. त्याने काय काढून टाकले, हा प्रश्न चोरट्या मालापेक्षा अधिक चांगली कथा देतो. काढून टाकलेली वस्तू पाण्याची पिशवी असेल तर ती कोणाच्या वाट्याची होती, हे लेखकाने सांगितलेच पाहिजे.

अंतराळबंदर नेमके कुठे असते, आणि जागेप्रमाणे काम बदलते का?

काम पूर्णपणे बदलते. कक्षेतल्या गोदीचे वर्णन वर आले. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश आहे, त्यामुळे सहाशे किलोची पेटी शंभर किलोसारखी उचलता येते. पण ती थांबवायला पूर्ण सहाशे किलोचाच जोर लागतो. त्यात भर म्हणजे चाकांची आणि बुटांची जमिनीवरची पकडही सहापटींनी कमी होते, म्हणजे त्याच वेगाच्या मालगाडीला थांबायला सहापट अंतर लागते. नव्या कामगाराचा पहिला अपघात चंद्रावर उचलताना होणार नाही, तो वळताना होईल. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे आणि तेथे हीच अडचण थोडी सौम्य होते.

फिरत्या स्थानकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि कथांमध्ये ती फार ढोबळपणे येते. मिनिटाला दोन फेऱ्या घेणाऱ्या स्थानकाला कडेवर पृथ्वीइतके वजन निर्माण करायचे असेल, तर त्याची त्रिज्या सुमारे २२४ मीटर असावी लागते. यान मध्यावर लागते, कारण तेथेच फिरणे सर्वांत कमी जाणवते, आणि माल मध्यापासून कडेकडे 'उतरवावा' लागतो. उतरताना त्याचे वजन शून्यापासून वाढत जाते आणि तो सरळ न उतरता फिरण्याच्या उलट दिशेच्या भिंतीला घासू लागतो. एका बाजूला माल साठवत गेले तर संपूर्ण स्थानक डगमगू लागते, म्हणून समोरासमोरच्या कोठारांत सारखाच माल एकाच वेळी न्यावा लागतो. मध्यावरचा बराच माल कडेला गेला की स्थानकाचे फिरणेही किंचित मंदावते. अशा बंदरावरचा मुकादम दोन टोळ्यांना एकमेकांशी ताल धरून चालवतो, आणि एका टोळीने काम थांबवले तर दुसरीलाही थांबावे लागते. संपाची कथा लिहू इच्छिणाऱ्याने याचा विचार करावा.

एवढ्या पुढारलेल्या काळात हे काम यंत्रमानव का करत नाहीत?

बरेचसे काम यंत्रेच करतील आणि कथेत ती दिसलीही पाहिजेत. २००१ मध्ये बसवलेला स्थानकावरचा 'कॅनडार्म-२' हा यांत्रिक हात १७.६ मीटर लांब आहे, ११६ टनांपर्यंतची वस्तू हाताळू शकतो आणि पृथ्वीवरूनही चालवला जातो. मात्र यान जोडले गेल्यावर आतल्या पिशव्या अजूनही अंतराळवीर हातानेच काढतात.

माझ्या मते येथे यंत्राच्या हुशारीपेक्षा मालाच्या सारखेपणाला महत्त्व आहे. समुद्रावरच्या गोदीत हेच घडले. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन निघाले, आणि पुढच्या काही दशकांत जगभरच्या गोद्यांवरील कामगारांच्या मोठमोठ्या टोळ्या आटत गेल्या. हे घडवायला यंत्रमानव लागला नाही. सगळ्यांनी एकाच मापाची पेटी मान्य केली, एवढेच पुरले. म्हणून कथेतल्या बंदरावर माणसे का आहेत याचे उत्तर लेखकाने पेटीत शोधावे. वेगवेगळ्या वसाहती वेगवेगळ्या मापांची बारदाने वापरत असतील, कड्या जुळत नसतील, पट्टे निराळे असतील, तर हजारो हात लागतील. एकच माप ठरण्याची बोलणी वरच्या मजल्यावर चालू आहेत आणि खाली टोळीला त्याची कुणकुण लागली आहे, हा प्रसंग मला कोणत्याही अंतराळयुद्धापेक्षा मोठा वाटतो.

दूरवरून यंत्र चालवण्यालाही मर्यादा आहे. पृथ्वीवरून चंद्रावर संदेश पोहोचायला सुमारे १.३ सेकंद लागतात आणि उत्तर यायला तितकेच. मंगळाच्या बाबतीत एका बाजूचा वेळ तीन ते बावीस मिनिटांच्या दरम्यान बदलतो. सरकणारी पेटी उत्तराची वाट पाहत थांबत नाही.

बंदर 'गजबजलेले' म्हणजे सतत गजबजलेले का?

तसे नसते, आणि कथांमधील ही चूक सहज टाळता येण्यासारखी आहे. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते आणि कमी इंधनाच्या मार्गाने तेथे पोहोचायला साधारण साडेआठ महिने लागतात. म्हणजे मंगळाचा माल हाताळणाऱ्या बंदराला सुगी असते. त्या काही आठवड्यांत पाळ्या एकमेकींना खेटून लागतात, हंगामी माणसे भरती होतात, मापात न बसणारा माल मागे राहतो आणि मागे राहिला म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ राहतो. सुगी संपली की कोठारे रिकामी, डागडुजीची कामे, अर्ध्या टोळ्या घरी. कामगाराचे कर्ज, लग्न, भांडणे हे सगळे या भरती-ओहोटीवर बेतलेले असेल. चंद्राची वाहतूक मात्र बरीचशी रोजची असू शकते.

माल भरण्याच्या क्रमाला एवढे महत्त्व का दिले जाते?

पहिले कारण उघड आहे: जे आधी लागणार ते दाराशी, जे शेवटी लागणार ते आत. दुसरे कारण यानाच्या जिवाशी संबंधित आहे. इंजिनाचा रेटा यानाच्या वस्तुमानमध्यातून गेला नाही तर यान सरळ जाण्याऐवजी वळू लागते. ते सावरायला इंधन जळते आणि एका मर्यादेपुढे ते सावरतही नाही. म्हणून कोणती पेटी कुठे बसली याचा तक्ता मुकादम आणि वैमानिक दोघांच्याही सहीने पूर्ण होतो.

भरलेला माल तेथेच राहणे हेही तितकेच महत्त्वाचे. वजनरहित अवस्थेत सैल पेटी शांत तरंगत राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन सुरू होताच ती मागच्या भिंतीवर कोसळते. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम तळावरून उडालेल्या एका मालवाहू बोइंग ७४७ विमानात पट्ट्यांनी बांधलेले चिलखती वाहन सुटून मागे सरकले, विमानाच्या नियंत्रणयंत्रणेवर आदळले आणि सातही कर्मचारी मृत्युमुखी पडले. पट्टे किती लावावेत आणि कोणत्या कोनात लावावेत, याचा हिशेब चुकलेला होता. जहाजवाहतुकीतही १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले ढोबळ वजन आधी कळवणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले. लिहून दिलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही, हे त्यामागचे कारण होते. अंतराळबंदराची नियमावली लिहिताना लेखकाला यापेक्षा काही वेगळे कल्पावे लागणार नाही.

परतीच्या मालाचाही विसर पडू नये. 'प्रोग्रेस' किंवा 'सिग्नस' यांसारखी याने परतताना मुख्यतः कचरा घेऊन जातात आणि वातावरणात जळून जातात. कचरादेखील तितक्याच काळजीने तोलून भरावा लागतो. कथेतील नवख्याला पहिले सहा महिने हेच काम द्यावे.

मालाची नोंद आणि कागदपत्रे यांविषयी किती लिहावे?

वाटते त्यापेक्षा थोडे अधिक. स्थानकावर माल सुमारे अर्धा मीटर लांबीच्या ठरावीक मापाच्या कापडी पिशव्यांत येतो आणि प्रत्येक वस्तूवर बारकोड असतो. तरीही वस्तू सापडत नाहीत, कारण तरंगत राहिलेली वस्तू खाली पडून डोळ्यांना दिसत नाही. ती हवेच्या झोताबरोबर फिरत कुठल्यातरी जाळीला जाऊन चिकटते. हरवलेले काही शोधायचे तर आधी हवा खेचणाऱ्या जाळ्या पाहाव्यात, हे गोदीतले व्यावहारिक ज्ञान आहे.

सीमाशुल्काचे उदाहरण इतिहासातच आहे. 'अपोलो-११' च्या तीनही अंतराळवीरांच्या सह्यांचे, २४ जुलै १९६९ ही तारीख असलेले सीमाशुल्क घोषणापत्र उपलब्ध आहे; त्यात माल म्हणून चंद्रावरील खडक व धूळ यांची नोंद असून प्रवासाच्या मार्गात चंद्राचे नाव आहे. त्या अंतराळवीरांना आणि नमुन्यांना विलगीकरणातही ठेवण्यात आले होते. परग्रहावरून येणाऱ्या मालासाठी बंदरावर स्वतंत्र, बंद धक्का आणि तेथे काम करणारी वेगळी टोळी असणे म्हणूनच स्वाभाविक आहे.

धोकादायक माल कोणता असतो?

सर्वांत मोठे नाव हायड्राझीन या इंधनाचे. यानांच्या लहान इंजिनांना ते सोयीचे आहे, कारण नायट्रोजन टेट्रॉक्साइडशी गाठ पडताच ते ठिणगीशिवाय पेट घेते. दोन्ही रसायने अत्यंत विषारी आहेत आणि जमिनीवर ती भरणारे कामगार संपूर्ण बंद पोशाखात, बाहेरून पुरवलेल्या हवेवर काम करतात. बाहेरून आत येणाऱ्या कामगाराच्या पोशाखावर हायड्राझीनचे कण चिकटलेले असणे, हा कथेसाठी खरा आणि भयंकर प्रसंग आहे. उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रव राहणारा हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन यांची अडचण निराळी: ते सतत उकळून कमी होत असतात, म्हणजे उशीर झाला की मालच घटतो.

आगीविषयी एक सुधारणा सुचवतो. वजनरहित हवेत गरम वायू वर जात नाही, त्यामुळे ज्योत गोलाकार होते आणि धूर छताकडे न जाता जागीच पसरतो किंवा पंख्याच्या झोताबरोबर वाहतो. म्हणून आगीची घंटा झाली की आधी पंखे बंद करतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मीर' स्थानकावर ऑक्सिजन तयार करणाऱ्या नळकांड्याला आग लागली तेव्हा धुराने दिसेनासे झाले होते. अग्निशामकाचा झोत सोडणाराही मागे ढकलला जातो, म्हणून त्याला दुसऱ्याने धरावे लागते.

चंद्रावरची धूळ खरोखर एवढी त्रासदायक असते का?

असते. तेथे वारा-पाणी नसल्यामुळे कण झिजून गोल होत नाहीत, ते धारदार राहतात आणि विद्युतभारामुळे प्रत्येक पृष्ठभागाला चिकटतात. अपोलो मोहिमांतील काही नमुनापेट्यांची झाकणे धुळीमुळे हवाबंद बसली नाहीत. 'अपोलो-१७' च्या अंतराळवीराला धुळीने नाक चोंदल्याचा त्रास झाला, आणि अनेकांना तिचा वास उडालेल्या बंदुकीच्या दारूसारखा वाटला. चंद्रबंदरावरील कामगाराच्या दिवसाचा मोठा भाग दारांच्या रबरी कडा पुसण्यात जाईल.

घंटा होताच पोशाख चढवून बाहेर धावणे शक्य आहे का?

आजच्या पोशाखात शक्य नाही. पोशाखातील दाब साधारण हवेच्या दाबाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास ठेवतात, नाही तर तो फुगून सांधे वाकत नाहीत. एकदम इतक्या कमी दाबात गेल्यास रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो. लेखकाने एक तर हा वेळ कथेत धरावा, किंवा अधिक दाबाचा पोशाख कल्पून त्याची किंमत हातमोज्यांत दाखवावी. आजच्या हातमोज्यांतही तासन्‌तास मूठ आवळून नखे निघून येतात. व्यायाम नसेल तर कक्षेत हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, आणि म्हणून अंतराळवीर दिवसाला सुमारे दोन तास व्यायाम करतात. ते दोन तास पाळीत मोजायचे की कामगाराच्या स्वतःच्या वेळेतून घ्यायचे, हा वाद कोणत्याही अंतराळबंदरावर होणारच, आणि माझी सहानुभूती कामगाराच्या बाजूला आहे.

हातातून एखादी वस्तू सुटली तर ती कायमची गेली का?

नोव्हेंबर २००८ मध्ये स्पेसवॉक चालू असताना अवजारांची पिशवी निसटली. ती काही महिने पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि ऑगस्ट २००९ मध्ये वातावरणात जळाली. नोव्हेंबर २०२३ मध्येही तसेच घडले. तथापि निसटलेली प्रत्येक वस्तू सरळ दूर जात नाही. बंदरावरून थेट पृथ्वीच्या दिशेने हलकेच फेकलेली वस्तू एक लंबवर्तुळाकार फेरी घेऊन, हवेचा क्षीण विरोध सोडला तर, साधारण दीड तासाने मूळ जागी परत येते. जुन्या कामगाराला हे ठाऊक असते. तो घड्याळ पाहतो, आणि त्या वेळेला पुन्हा धक्क्यावर हजर राहतो.

नुकसान झाले तर भरपाई कोण देते?

१९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या अंतराळातील कामाचीही आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशावर असते. १९७२ च्या करारानुसार पृथ्वीवर झालेल्या हानीसाठी प्रक्षेपण करणारा देश बिनशर्त जबाबदार ठरतो, तर अंतराळात झालेल्या हानीसाठी दोष सिद्ध व्हावा लागतो. दोष कोणाचा हे ठरवताना शेवटची सही कोणाची होती हे पाहिले जाईल, आणि गोदीवर ती सही बहुधा मुकादमाची असेल.

स्फोट किंवा हल्ला न दाखवता या कामातले नाट्य कसे उभे करावे?

खऱ्या चुका पाहाव्यात. ६ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेच्या नोआ मालिकेतला एक हवामान उपग्रह कारखान्यात गाडीवर आडवा केला जात असताना जमिनीवर कोसळला. गाडीला त्याचा आधार जोडणारे २४ बोल्ट दुसऱ्या कामासाठी काढून नेले गेले होते, त्याची नोंद झाली नव्हती, आणि बोल्ट जागेवर आहेत की नाहीत हे प्रत्यक्ष न पाहताच कागदावर खूण करण्यात आली. दुरुस्तीला सुमारे साडेतेरा कोटी डॉलर लागले आणि उपग्रह फेब्रुवारी २००९ मध्ये उडाला. त्या खोलीत अनेक माणसे होती आणि प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने पाहिले असेल.

दुसरी चूक अधिक शांत आहे आणि मला ती अधिक छळते. गुरूकडे निघालेल्या 'गॅलिलिओ' यानाची मुख्य अँटेना एप्रिल १९९१ मध्ये उघडण्याचा आदेश दिला, तेव्हा तिच्या काही काड्या जागीच अडकून राहिल्या. उड्डाण लांबल्यामुळे ते यान उड्डाणापूर्वी ट्रकमधून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकापेक्षा अधिक वेळा नेण्यात आले होते, आणि त्या हादऱ्यांनी काड्यांच्या खुंट्यांवरचे वंगण झिजले असावे, असे निदान झाले. ते यान जपून नेणाऱ्या माणसांनी नियमाप्रमाणे काम केले होते. कथेतल्या गोदी कामगाराला अशी बातमी दोन-तीन वर्षांनी, पाळी सुटताना, भिंतीवरच्या पडद्यावर दिसावी. यानाचे नाव त्याच्या ओळखीचे असावे, आणि ती पेटी कोणत्या धक्क्यावरून, कोणत्या पाळीत, कोणाच्या साथीने हलवली होती, हे त्याला आठवू लागावे.